साफ्ताबीबीचा विश्वास नाही

साफ्ताबीबीनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. आधी बूट पाहिले, मग पोट, मग पुन्हा बूट. माझ्या सासऱ्यांनी मुलगी देतानासुद्धा मला इतकं निरखलं नव्हतं. मी आयर्लंडमधल्या एनिस या गावी तिच्या दारात उभा होतो. हातात लांब दांडीचा माइक, कानांवर हेडफोन, तोंडावर बंधुभावाचं हसू. ती दारातून हलली नाही. मागं वळून काहीतरी म्हणाली. आतून तिची सून मिहाएला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या पायांकडे बघत इंग्रजीत म्हणाली, “बीबी विचारतेय, तुमच्या पायाला काय झालंय?”

पायाला काही झालं नव्हतं. डाव्या पायमोज्यात पाकीट होतं.

त्याची हकीकत अशी. मी पन्नाशी उलटलेला, डब्लिनजवळ स्वोर्ड्सला राहतो, विमानतळाशेजारच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि वर्षातून एकदा मराठी मंडळाच्या गणपतीचं शूटिंग करतो. त्या वर्षी मी ऐटीत एक भारीतला माइक घेतला आणि अख्खी आरती त्यावर रेकॉर्ड केली. घरी येऊन ऐकतो तर आरती कुठंतरी लांब, पलीकडच्या गल्लीत चालल्यासारखी, आणि पुढ्यात खणखणीत माझा श्वासोच्छ्वास. मंडळात अजून त्या रेकॉर्डिंगला ‘घोरासुराची आरती’ म्हणतात. पण आमच्या शेजारच्या शिवॉनला हे ठाऊक नव्हतं. शिवॉन डॉक्युमेंटरी फिल्म करते. तिचा साऊंडवाला दुसरं काम मिळून निघून गेला होता, आणि शेजाऱ्याकडे माइक आहे एवढंच तिला कुंपणावरून दिसलं होतं. शनिवार-रविवार येशील का, म्हणाली. मी आरतीचा विषय काढला नाही.

फिल्म होती आयर्लंडमधल्या रोमा कुटुंबांच्या सणावारांवर. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आपल्या बाजूनं निघून युरोपभर पांगलेले लोक. साफ्ताबीबीचं कुटुंब रुमानियातून येऊन एनिसला राहिलेलं. ही बातमी मी ऑफिसात अभिमानानं सांगितली, तेव्हा एका सहकाऱ्यानं आवाज खाली आणून पाकीट सांभाळायला सांगितलं. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मी दोघांना पूर्वग्रह या विषयावर एक छोटं व्याख्यान दिलं आणि शनिवारी सकाळी पाकीट पायमोज्यात घातलं.

“जुनी दुखापत आहे,” मी मिहाएलाला म्हणालो. “क्रिकेट.”

बीबीनं ऐकून घेतलं. तिचा विश्वास बसला नाही हे कळायला भाषांतराची गरज नव्हती.

बीबी म्हणजे त्यांच्यात आत्या, मावशी, काकू, जी म्हणाल ती. साठीची, ठेंगणी, घोळदार स्कर्ट, डोक्याला रुमाल, आणि चष्मा बुटाच्या नाडीनं गळ्यात अडकवलेला. बाईचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानातून आताच आणलेलं दूध ती उघडून हुंगायची. फोन वाजला की उचलायची आणि गप्प राहायची. समोरच्यानं आधी बोलायचं, मग ही ठरवणार आपण घरी आहोत की नाही. टीव्हीवरची बाई आज ऊन पडेल म्हणाली की बीबी छत्री घेऊन निघायची. अर्थात आयर्लंडमध्ये याला संशय म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात. आम्ही घरात शिरण्यापूर्वी भिंतीवरचे सगळे फोटो ती तोंड भिंतीकडे करून ठेवायची. आणि आम्ही निघालो की चमचे मोजायची. हे मला मिहाएलानं हसत हसत सांगितलं. मी पायमोज्यात पाकीट घालून जात होतो आणि ती माझ्यामागं चमचे मोजत होती. दोन्ही पक्षांचा हिशेब चोख होता.

पहिल्याच दिवशी मी माझं राखून ठेवलेलं भाषण केलं. आपण मूळचे एकच, तुम्ही पाण्याला पाणी म्हणता, आम्हीही पाणीच म्हणतो, नाकाला नाक, कानाला कान, म्हणजे बीबी, मी तुझा भाऊच की. मिहाएलानं सगळं नीट भाषांतर केलं. बीबी कॉफी ढवळत होती. ढवळून झाल्यावर बोलली.

“ती म्हणतेय, बायबल घेऊन आले होते तेही भाऊच होते. मागच्या वेळी कॅमेरा घेऊन आला होता तोही भाऊच होता. तुला काय पाहिजे, भाऊ?”

तो मागचा भाऊ कुठल्याशा वाहिनीचा होता. त्यानं त्यांच्याकडच्या लग्नाचं शूटिंग केलं, जेवला, नाचला, आणि टीव्हीवर दाखवलं तेव्हा नवरीच्या चेहऱ्यावर मागून एक गंभीर आवाज चोऱ्यामाऱ्यांबद्दल बोलत होता. तेव्हापासून कॅमेऱ्याला बीबीच्या घरात बंदी होती. शिवॉनला तिथवर पोचायला वर्ष लागलं होतं.

शिवॉनची पद्धत मात्र वेगळी. ती कुणाला प्रश्न विचारत नाही, पुन्हा करून दाखवा म्हणत नाही, मागून आवाज घालत नाही. लोक जगतायत तसं जगू द्यायचं आणि आपण बघायचं. मलाही तिनं नियम घालून दिले. बोलायचं नाही, हसायचं नाही, कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, खोलीत असून नसल्यासारखं राहायचं. भिंतीवरच्या पालीसारखं, मी मनात म्हटलं. पण पाल म्हटली की ती चुकचुकणारच.

पहिली पाल चुकचुकली ती लाल दिव्यावरून. शूटिंग चालू असलं की कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो. लोक त्याकडे बघत बसतात, बुजतात, म्हणून शिवॉन त्यावर काळी चिकटपट्टी लावायची. त्यात लबाडी नव्हती. या धंद्यात बरेच जण लावतात. बीबीनं अर्धा तास कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. कणीक मळत राहिली. मग हात धुतले, आली, आणि अंगठ्याच्या नखानं ती पट्टी सोलून काढली, संत्र्याची साल काढावी तशी. खाली लाल दिवा जळत होता. बीबीनं तो बघितला, शिवॉनला बघितलं आणि तिला येणाऱ्या मोजक्या इंग्रजीतून दोनच शब्द काढले. “नाऊ, ग्रँड.” म्हणजे इथल्या बोलीत, आता ठीक.

त्यानंतर दिवा उघडा राहिला. शूटिंग थांबवलं असं शिवॉननं सांगितलं तरी बीबी दिवा विझलेला स्वतः बघायची, आणि वर कॅमेऱ्यावर भांडी पुसायचं फडकं टाकायची.

नाताळ झाला, ईस्टर आला. ईस्टरला त्यांच्यात लाल रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांवर आपटायचा खेळ असतो. ज्याचं फुटलं तो हरला. घरात वीसेक माणसं, पोराबाळांचा कालवा, आणि दाराशी बीबी प्रत्येकाचं अंडं तपासत उभी. तपासायची रीत अशी, की अंडं आपल्या पुढच्या दातांवर हळूच टकटक करायचं आणि आवाज ऐकायचा. कुणी लाकडाचं अंडं रंगवून आणतो म्हणे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई आणि मी एकाच धंद्यात आहोत. तीही आवाजावरून खरंखोटं ओळखते. फरक एवढाच की तिला ते येतं.

मी कोपऱ्यात माइकची दांडी धरून उभा. बीबी आली आणि माझ्या मोकळ्या हातात एक अंडं कोंबलं. शिवॉननं कॅमेऱ्यामागून मान हलवली, म्हणजे नको, म्हणजे पाल. पण बीबीनं तोवर आपलं अंडं आपटलंही होतं. तिचं फुटलं. मग तिच्या दिराचं फुटलं. मग आणखी दोघांचं. मी पाहुणा, नवखा, घोरासुर, आणि माझं अंडं शाबूत. बीबीनं ते माझ्या हातून काढून घेतलं, दातांवर वाजवलं, उजेडात धरलं, आणि टेबलाच्या कडेवर आपटून फोडलं. आत साधं उकडलेलं अंडं निघालं. तिनं अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं मला दिलं. मी जिंकलो होतो याचं तिला काही वाटलं नाही. मी लबाडी केली नव्हती, याचं मात्र वाटलेलं दिसलं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझं पोट बोटानं दाबून पाहिलं आणि मिहाएलाला काहीतरी म्हणाली. मिहाएलानं भाषांतर केलं नाही. म्हणाली, “काही नाही, तिला तुमची तब्येत आवडली.”

घरी जाऊन मी हे अनघाला सांगितलं. माझी बायको समतोल विचाराची आहे. ती म्हणाली, “तुझं पोट आवडणारी बाई म्हणजे काहीतरी गडबड आहे.”

गडबड वाढत गेली. त्यानंतर दर खेपेला बीबीचा एक प्रश्न असायचा. वय काय? डायबिटीस आहे का? दारू पितोस का? रागावतोस का? टोपी घालतोस का? माझ्या डोक्यात एकेक शक्यता यायची. लग्न? विमा? किडनी? मी खरं थोडं, खोटं जास्त अशी उत्तरं द्यायला लागलो. एके दिवशी तिनं बुटाचा नंबर विचारला. माझा नंबर नऊ. मी आठ सांगितला. का सांगितला, माहीत नाही. पाकीट मोज्यात घालणारा माणूस बुटाचा खरा नंबर कसा सांगेल?

आणि त्याच दिवशी निघताना दारातले माझे बूट नाहीसे झाले.

बाकी सगळ्यांचे होते. माझेच नव्हते. मी कुणाला काही बोललो नाही, पण माझं तोंड बोलत असणार. ऑफिसातले दोघे सहकारी माझ्या डोळ्यांसमोर हात बांधून उभे राहिले. शिवॉन कॅमेरा पेटीत ठेवता ठेवता मोठ्यांदा म्हणाली, “इथंच असतील. या घरावर माझा पूर्ण विश्वास आहे.” बीबी जिन्याच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. मग मिहाएला प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, माझे बूट घेऊन आली. पोरांनी आत टाकले असतील, म्हणाली. घरात त्या दिवशी पोरं नव्हती.

बीबी काहीतरी बोलली आणि पहिल्यांदाच हसली.

“ती म्हणतेय,” मिहाएला सांगू लागली, “ही कॅमेरावाली म्हणते माझा विश्वास आहे. ज्याला माझा संशय येत नाही, त्याचाच मला संशय येतो. तुझा बरा आहे. तुझा तोंडावर दिसतो. आणि पाकीट खिशात ठेव, म्हणतेय. क्रिकेट बरं होईल.”

शिवॉनची अडचण वेगळी होती. नाताळ मिळाला होता, ईस्टर मिळाला होता, सेंट जॉर्जच्या दिवशी दाराला बांधलेल्या हिरव्या फांद्या मिळाल्या होत्या, मागच्या अंगणात भाजलेला बकरा मिळाला होता. पण तिला हवं होतं ते एकच जेवण, आणि त्याला बीबीचा साफ नकार होता. त्या जेवणाला ते पोमाना म्हणतात. माणूस गेल्याच्या वर्षाला घालायचं जेवण. बीबीचा नवरा कोस्तिका आदल्या उन्हाळ्यात गेला होता, आणि त्याचं वर्ष जवळ येत होतं. भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या फोटोंमधला मोठा फोटो त्याचा. सण हे जिवंत माणसांचे असतात असं सगळ्यांना वाटतं, शिवॉन म्हणायची; या जेवणाशिवाय माझी फिल्म म्हणजे नुसतं खाणं आणि नाच.

कोस्तिकाची गोष्ट मिहाएलानं मला मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना सांगितली. ती हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती आणि घरी येऊनही कपडेच वाळत घालायची. कोस्तिका भंगार गोळा करायचा. जाडा, गमत्या, आणि एक नंबरचा नाटकी. चर्चला जायचं नसलं की कंबर धरायचा, नातेवाइकांकडे जायचं नसलं की छाती. बीबी त्याच्या सगळ्या नाटकांना ओळखून होती. त्या दिवशी कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं. कोस्तिका छाती धरून खुर्चीत बसला. बीबी म्हणाली, नाटक पुरे, ऊठ. तो म्हणाला, खरंच दुखतंय. ती म्हणाली, खरंच दुखतंय तर चल डॉक्टरकडे, बघू किती दुखतंय ते. तसाच सपाता घालून त्याला गाडीत बसवला. संध्याकाळी परत यायचंच आहे, बूट कशाला. तो परत आला नाही.

“ती रडली नाही,” मिहाएला म्हणाली. “पण तो तिकडे सपाता घालून फिरतोय, हे तिच्या डोक्यातून जात नाही.”

म्हणून पोमानाला बूट हवे होते. त्यांच्यात रीत अशी की वर्षाच्या जेवणाला गेलेल्या माणसाच्या जागी एक माणूस बसवायचा. साधारण त्याच वयाचा, त्याच बांध्याचा, पण घरातला नाही, रक्ताचा नाही. त्याला बनियनपासून टोपीपर्यंत सगळं नवं कोरं घालायचं आणि पोटभर जेवू घालायचं. तो इथं जे घालेल ते गेलेल्याला तिकडे मिळतं, तो जे खाईल ते गेलेला खातो. कपडे त्याच्या अंगाला नीट बसले तर तिकडेही नीट बसतात. आणि चावले तर तिकडेही चावतात.

मी वाळत घातलेल्या चादरीमागं उभा होतो, हे बरं झालं. कारण त्या क्षणी वय, डायबिटीस, टोपी, पोट आणि बूट माझ्या डोक्यात एका रांगेत येऊन उभे राहिले.

बीबीनं ते त्याच दिवशी, कॅमेऱ्यावर फडकं टाकून, स्वतः सांगितलं. समाजातले योग्य बांध्याचे सगळे पुरुष तिनं तपासून नाकारले होते. एक दारुडा. एक कपडे विकून टाकणारा. एक गावभर सांगत सुटणारा. मी बसणार असेन तर ती कॅमेऱ्याला येऊ देणार होती. नाहीतर कॅमेरा नाही. मी विचारलं, मीच का? मी तर तुमच्यातला नाही, मला तुमची भाषा येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला साऊंडही नीट येत नाही.

मिहाएलानं बीबीचं उत्तर सांगितलं. “ती म्हणतेय, तू खोलीत असतोस आणि नसतोस. सगळं ऐकतोस आणि बोलत नाहीस. सगळे जेवतात, तू भिंतीपाशी उभा राहून बघतोस. मेलेल्या माणसासारखा. असा दुसरा माणूस मला आयर्लंडात मिळणार नाही.”

शिवॉननं इतकी वर्षं जपलेल्या पद्धतीचं कुणी इतकं नेमकं वर्णन केलं नसेल. परतीच्या वाटेवर ती गाडी चालवत होती आणि स्वतःशीच भांडत होती. तिच्या युनिटचा माणूस कॅमेऱ्यासमोर बसणार, म्हणजे बघणारा आणि बघितला जाणारा यातलं कुंपणच गेलं. शिवाय साऊंड कोण घेणार? बऱ्याच वेळानं म्हणाली, “ग्रँड.” आयरिश माणूस हा शब्द पूर्ण हरल्यावरही वापरतो.

माझी काळजी निराळीच होती. मी बुटाचा नंबर आठ सांगितला होता.

अनघाला सांगितलं तर ती हसत सुटली, आणि मग हसायची थांबली. माझ्या वडिलांचं श्राद्ध मी स्वोर्ड्सहून केलं होतं. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, मी अंगणात पिंड घेऊन उभा. कावळे इथं आहेत, पण पिंडाला शिवला तो समुद्रावरचा पांढरा सीगल. मी गुरुजींना कावळा म्हणून सांगितलं होतं. “तेव्हा सीगल चालवून घेतलास,” अनघा म्हणाली. “आता त्या बाईला नंबर खरा सांग.” मी फोन केला. पलीकडे फोन उचलला गेला आणि शांतता. म्हणजे बीबीच. मी फोन ठेवून दिला.

पोमाना एका छोट्या हॉलमध्ये होता. लांब टेबलं, पांढरी कागदी आच्छादनं, कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे मुटके, भाजलेलं डुक्कर, गोड पाव, मेणबत्त्या. मला एका खोलीत नेऊन नवं बनियन, सदरा, काळा सूट, टोपी घातली. सूट इतका बरोबर बसला की मी आरशात बघून घाबरलो. आमच्या घरात ज्या पोटाची आयुष्यभर थट्टा झाली, ते पहिल्यांदा त्याच्या मापाच्या जागी जाऊन बसलं होतं. पायांत मात्र फक्त मोजे. बूट बीबी स्वतः घालणार होती.

मला टेबलाच्या टोकाला बसवलं. शिवॉन समोर, कॅमेरा खांद्यावर, लाल दिवा चालू. मी सवयीनं कानाकडे हात नेला, हेडफोन नव्हते. बीबी एक खोकं घेऊन आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि झाकण काढलं. काळे बूट. मी पायाची बोटं आतल्या आत आखडून घेतली. ठरवलं होतं, कितीही चावले तरी हसायचं, जेवायचं, चालायचं. कोस्तिकाला तिकडे माझ्या खोटेपणापायी लंगडावं लागेल याला आता इलाज नव्हता. बीबीनं टाच धरली आणि बूट सरकवला.

तो अलगद गेला.

मी मिहाएलाकडे पाहिलं. ती ओठ दाबून उभी होती. “तू आठ म्हणालास,” ती कुजबुजली, “तेव्हाच ती म्हणाली, हा खोटं बोलतोय. म्हणून त्या दिवशी तुझे बूट आत नेले. माप घेतलं.”

बीबीनं दोन्ही नाड्या बांधल्या. शाळेचे बूट घेताना आई दाबून बघते तसं पुढून अंगठ्यानं दाबून बघितलं. मग पहिल्यांदा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“हर्ट?” तिनं विचारलं.

“नो, बीबी.”

ती तशीच बघत राहिली. “हर्ट?”

“नो.”

“वॉक.”

मी उठलो आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, परत आलो. हॉलमध्ये एक चमचा वाजत नव्हता. मी बसल्यावर तिनं माझा नवा सदरा गळ्याशी नीट केला, टोपी जरा तिरपी केली, आणि कानाशी वाकून बोलायला लागली. बराच वेळ बोलली. एकदा मला वाटलं की ती रागावतेय, एकदा वाटलं की हसतेय. मिहाएला लांब उभी होती. शिवॉनच्या कॅमेऱ्यावरच्या बारक्या माइकला तिथवर पोचणं शक्य नव्हतं, आणि ज्याचं काम तिथं मोठा माइक धरायचं होतं तो माइकच्या जागी सूट घालून बसला होता. म्हणजे ज्यानं ते ऐकलं त्याला एक अक्षर कळलं नाही, आणि ज्यांना कळलं असतं त्यांना ऐकू आलं नाही. बीबीनं याचाही विचार आधीच केलेला असणार, असा मला दाट संशय आहे.

मग मी जेवलो. श्रावण होता. पण श्रावण माझा होता, कोस्तिकाचा नव्हता.

निघताना मला सांगण्यात आलं की सरळ चालत जायचं, मागं वळायचं नाही. मी वळलो नाही. वळलो असतो तर काय दिसलं असतं ते नंतर शिवॉनच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर पाहिलं. फिल्मचा तो शेवटचा प्रसंग आहे. हॉलच्या पायरीवर पाठमोरी बीबी. तिच्यापलीकडे ओल्या रस्त्यावरून एक जाडा माणूस काळ्या सुटात लांब चालला आहे. बीबी त्याच्या डोक्याकडे बघत नाही, टाचांकडे बघते आहे, हे तिच्या मानेवरून कळतं. तो कोपऱ्यावरून वळतो. ती तशीच उभी राहते. मग तिच्या लक्षात येतं की कॅमेरा चालूच आहे. ती वळते, हातानं बंद करायची खूण करते, आणि थेट तुमच्याकडे बघते, म्हणजे दिव्याकडे, तो विझेपर्यंत. पडदा काळा होतो. वर्षभर माणसांना ज्याचा विसर पाडायची धडपड चालली होती, तो कॅमेरा त्या बाईनं शेवटपर्यंत विसरू दिला नाही.

बीबीचं कुटुंब त्या हिवाळ्यात इंग्लंडला गेलं, मिहाएलाच्या नवऱ्याच्या कामासाठी. फोन नंबर तोच होता. फिल्म बघून मी घरी आलो, अनघा भाजी चिरत होती, आणि मी फोन लावला. उचलला गेला. पलीकडे शांतता.

“बीबी,” मी म्हणालो, “मी. माइकवाला. शूज ग्रँड.”

मग ओळखीचा घोगरा आवाज. “हर्ट?”

“नो.”

“वॉक.”

मी कपाटातून ते बूट काढले, घातले, नाड्या बांधल्या. फोन हातात धरून, वाकून, बुटांच्या शक्य तितका जवळ नेला. माइक कुठं धरायचा हे एव्हाना मला आलं होतं. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चाललो, फ्रिजपासून दारापर्यंत, आणि परत. श्वास रोखून धरला होता. अनघा सुरी हातात धरून बघत होती. मी फोन कानाला लावला.

“अगेन,” बीबी म्हणाली.